मोठ्या माणसांचे मेणखडू

एक कोरा कागद घेऊन त्यावर देखावा काढा, असे तुम्हांला सांगितले तर तुम्ही काय काढाल? मीच सांगतो. कागदाच्या वरच्या बाजूला दोन टोकदार डोंगर. त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य आणि काड्यांसारखी त्याची किरणे. डोंगरातून निघालेली नदी. नदीकाठी एक झोपडी आणि झोपडीजवळ नारळाची दोन झाडे. आकाशात उर्दूतल्या सातच्या आकड्यासारखे चार-पाच पक्षी.

हा देखावा मीही काढला आहे. माझे बालपण नांदेडला गेले. नांदेडला गोदावरी आहे, पण तिच्या काठी नारळांची रांग नाही. आता मी लातूरला राहतो. इथे बालाघाटचे डोंगर आहेत, पण ते टोकदार नाहीत. त्यांचे माथे ताटासारखे सपाट आहेत. तरीही नांदेडचे मूल आणि लातूरचे मूल तेच दोन टोकदार डोंगर काढते. कुणी शिकवले, कुणास ठाऊक! पण ते चित्र काढताना किती आनंद होत असे, ते आठवून पाहा.

आता दुसरा प्रश्न विचारतो. असे चित्र तुम्ही शेवटचे कधी काढले? चौथीत? सहावीत? आणि मग का थांबलात?

मी स्वतः पाचवीत थांबलो. वर्गात ‘माझा आवडता प्राणी’ हा विषय दिला होता. माझ्या डबीतला काळा खडू संपला होता, म्हणून मी म्हैस निळ्या रंगाने रंगवली. गुरुजींनी कागद उंच धरला आणि सर्वांना विचारले, “म्हैस निळी असते का रे?” सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, हे आज मला कळते. पण त्या दिवशी मी खडूंची डबी ट्रंकेत टाकली आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे एकही चित्र काढले नाही. कुणी आग्रह केलाच तर मी म्हणे, “मला चित्र काढता येत नाही.”

हे वाक्य तुम्ही घरोघरी ऐकाल. गंमत अशी की चार वर्षांचे मूल हे वाक्य कधीच बोलत नाही. त्याच्या हातात खडू द्या, ते लगेच भिंतीकडे धावते. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाचे एक शिक्षणतज्ज्ञ होते. ते मूळचे ऑस्ट्रियाचे, पुढे अमेरिकेत गेले. मुलांची चित्रे वयाप्रमाणे कशी बदलतात, यावर त्यांनी १९४७ साली एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, साधारण नवव्या वर्षापासून मुलाला आपले चित्र ‘खऱ्यासारखे’ दिसावे असे वाटू लागते. डोळे पुढे जातात आणि हात मागे राहतो. मुलाला स्वतःच्याच चित्रातल्या चुका दिसू लागतात. बारा-चौदा वर्षांच्या सुमारास पुष्कळ मुले चित्र काढणे सोडून देतात. म्हणजे चित्र येत नाही म्हणून ती थांबत नाहीत, लाज वाटते म्हणून थांबतात. हे वय कोणाचे? तुमचेच!

म्हणूनच आज तुम्हांला मोठ्या माणसांविषयी सांगायचे आहे. चित्र सोडून दिल्यावर कित्येक वर्षांनी ज्यांनी पुन्हा खडू हातात घेतला, अशी ही माणसे आहेत.

आमच्या मागच्या गल्लीत एक वयस्कर शिंपी राहतात. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. चाचांच्या बोटांत आयुष्यभर खडू होता, पण तो कापडावर आखायचा चपटा खडू. बाही, गळा, खिसा यांपलीकडे त्यांनी काही आखले नव्हते. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांमुळे त्यांचे मशीन बंद झाले. दुपार कशी घालवायची हा प्रश्न पडला. एके दिवशी नातू शाळेत गेला असताना त्याची मेणखडूंची डबी चाचांनी उघडली. पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी हा मेणखडू म्हणजे काय ते पाहू.

तुम्ही घरी ज्याला मोम म्हणता, त्यालाच मराठीत मेण म्हणतात. मेणापासून केलेला खडू तो मेणखडू. याला क्रेयॉन असेही म्हणतात. तो बनवण्याची रीत अवघड नाही. खनिज तेलापासून मिळणारे पॅराफिन मेण वितळवतात. त्यात रंगाची बारीक पूड मिसळतात. हे गरम मिश्रण साच्यात ओततात आणि साचा पाण्याने थंड करतात. कांड्या घट्ट झाल्या की बाहेर काढून त्यांना कागद गुंडाळतात. हा कागद केवळ शोभेसाठी नसतो. त्यामुळे हात खराब होत नाहीत आणि कांडी लवकर मोडत नाही. मेणाचा खडू असल्यामुळे तो उन्हाला भितो. मे महिन्यात मराठवाड्यातल्या उन्हात डबी विसरलात तर संध्याकाळी सगळे रंग मऊ होऊन एकमेकांना चिकटलेले सापडतील. हा अनुभव मी घेतला आहे.

अमेरिकेत बिनी आणि स्मिथ यांच्या कंपनीने १९०३ साली क्रेयोला नावाचे मेणखडू बाजारात आणले. पहिल्या डबीत आठ रंग होते आणि तिची किंमत पाच सेंट होती. हे नाव बिनीसाहेबांच्या पत्नीने सुचवले. त्या शिक्षिका होत्या. फ्रेंच भाषेत खडूला जो शब्द आहे, त्यावरून त्यांनी ते तयार केले.

दुसरा प्रकार तेलखडूंचा. चित्रकलेच्या तासाला तुम्ही ज्यांना ऑइल पेस्टल म्हणता तेच हे. त्यांत मेणाबरोबर तेलही असते, म्हणून ते लोण्यासारखे मऊ चालतात आणि बोटाने एका रंगात दुसरा मिसळता येतो. त्यांची गोष्ट जपानची आहे आणि ती मला फार आवडते. पूर्वी जपानी शाळेत मुलांना पुस्तकातले चित्र समोर ठेवून जसेच्या तसे उतरवावे लागे. कानाए यामामोतो नावाच्या चित्रकाराला हे पटले नाही. मुलांनी दुसऱ्याचे चित्र का उतरवायचे? त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि मनाप्रमाणे काढावे, असे त्याने १९१९ पासून सांगायला सुरुवात केली. या विचाराला ‘मुक्त चित्र’ असे नाव पडले. पण मुक्त चित्रासाठी मुलांना सोपे, स्वस्त आणि भडक रंगांचे साधन हवे होते. साकुरा नावाच्या जपानी कंपनीने १९२५ साली जे नवे तेलखडू काढले, त्यांचे नाते या चळवळीशी आहे. कारखान्यातल्या एका वस्तूमागे मुलांच्या स्वातंत्र्याचा विचार होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे हे काम मुंबईच्या दांडेकर बंधूंनी केले. त्यांनी १९३१ साली शाई बनवायला सुरुवात केली. त्यांच्या उंट छाप शाईवरून कॅम्लिन हे नाव आले. पुढे या कंपनीने चित्रकलेचे रंगही काढले आणि ते गावोगावच्या दुकानांत पोहोचले. माझी पहिली डबी वडिलांनी नांदेडच्या इतवाऱ्यातून आणली होती. झाकण उघडल्यावर जो वास आला, तो मी आजही ओळखीन. बालपण आठवायला कधीकधी एक वाससुद्धा पुरतो. या कंपनीचा मोठा हिस्सा २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने घेतला.

आता मेणखडूचे दोष पाहा. त्याचे टोक जाड असते, त्यामुळे बारीक रेघ येत नाही. पापणीचे केस, पानाच्या शिरा काढता येत नाहीत. एकदा ओढलेली रेघ खोडताही येत नाही. रबर फिरवले तर नुसता डाग पसरतो. मी या दोषांनाच त्याचे गुण मानतो. शिसपेन्सिलीजवळ रबर असते. ते दर मिनिटाला सांगते, “चुकले, पुसून टाक.” मेणखडू असे काही सांगत नाही. त्याने ‘खऱ्यासारखे’ चित्र येणारच नाही, हे सर्वांना आधीच ठाऊक असते. म्हणून लाजण्याचे कारणच उरत नाही. ज्या माणसाने लाजेने चित्र सोडले, त्याला परत आणायला याहून चांगले साधन मला तरी माहीत नाही.

मोठेपणी चित्राकडे आलेल्या माणसांत रवींद्रनाथ टागोरांचे नाव सर्वांत मोठे. ते कवी म्हणून जगप्रसिद्ध झाले होते. नोबेल पारितोषिक १९१३ सालीच मिळाले होते. कविता लिहिताना ते एखादी ओळ खोडत. खोडलेल्या ओळी कागदावर वाईट दिसत, म्हणून ते त्या रेघा एकमेकींना जोडून त्यांतून पक्षी, चेहरे, विचित्र प्राणी तयार करत. असे करता करता साठी ओलांडल्यावर ते चित्रेच काढू लागले. त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन १९३० साली पॅरिसला भरले. पुढच्या काही वर्षांत त्यांनी दोन हजारांहून अधिक चित्रे काढली. म्हणजे एवढ्या मोठ्या चित्रकाराची सुरुवात झाली ती खाडाखोडीतून!

दुसरे नाव विन्स्टन चर्चिल यांचे. त्यांना हिंदुस्थानचा मित्र म्हणता येणार नाही, ते तुम्ही इतिहासात वाचालच. पण ही गोष्ट खरी आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ साली त्यांचे मंत्रिपद गेले. ते अत्यंत खचले. त्या दिवसांत एका रविवारी त्यांनी घरातल्या लहान मुलांची रंगपेटी घेऊन सहज काही रंगवून पाहिले. तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. मग हा छंद त्यांनी म्हातारपणापर्यंत सोडला नाही.

या माणसांना रंगांनी बरे का वाटले असेल? अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ३९ प्रौढ माणसांना ४५ मिनिटे रंग, कागद आणि माती देऊन मनाला येईल ते करायला सांगितले. आधी आणि नंतर त्यांची लाळ तपासली. मनावर ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य वाढते. ४५ मिनिटांनंतर सुमारे तीन चतुर्थांश माणसांत हे द्रव्य कमी झालेले आढळले. महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्यांना चित्रकला येत होती आणि ज्यांना येत नव्हती, त्या दोघांनाही सारखाच लाभ झाला. चित्र चांगले आले की नाही, याच्याशी शरीराला काही देणेघेणे नव्हते. अर्थात ३९ माणसे म्हणजे थोडीच. एवढ्यावरून रंग हे औषध आहे, असे म्हणू नये.

आणखी एक प्रयोग इंग्लंडमधला, २००९ सालचा. जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी चाळीस माणसांना टेलिफोनवरचा एक कंटाळवाणा निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकताना कागदावरचे छोटे आकार पेन्सिलीने भरायला सांगितले. नंतर विचारले तेव्हा आकार भरणाऱ्यांना २९ टक्के अधिक गोष्टी आठवत होत्या. हातांना थोडे काम असले की मन फार दूर भटकत नाही, असे त्याचे कारण सांगतात. वहीच्या कडेला फुले काढताना पकडले गेलात तर हा प्रयोग सरांना सांगून पाहा. मात्र मार बसल्यास माझे नाव सांगू नका.

रंग भरण्याची मोठ्यांची पुस्तकेही निघाली आहेत. स्कॉटलंडच्या जोहॅना बासफर्ड यांचे ‘गुप्त बाग’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक २०१३ साली निघाले. त्यात नुसत्या रेघांची फुले-पाने आहेत, रंग आपण भरायचे. अशा पुस्तकांच्या लाखो प्रती खपल्या. मला स्वतःला दुसऱ्याने आखलेल्या रेघांत रंग भरणे तितकेसे आवडत नाही. पण दिवसभर कामाने थकलेल्या माणसाला ‘आता काय काढू?’ हा प्रश्नच नको असतो. त्याला ही पुस्तके सोयीची वाटतात.

हे सारे ऐकून चित्रांचा छंद परदेशातून आला असे समजू नका. मोठ्यांची चित्रकला तुमच्या घरातच आहे, फक्त तिला कोणी चित्रकला म्हणत नाही. चांदरातीला तुमची अम्मी किंवा खाला मेंदीचा कोन घेऊन बसते. तिच्यासमोर ना पुस्तक असते, ना रबर. तळहाताच्या मधोमध एक टिकली, तिच्याभोवती पाकळ्या, मग वेल थेट बोटांच्या टोकापर्यंत. तिला विचारा, “तुला चित्र काढता येते का?” ती म्हणेल, “छे, मला कुठे येते!” तुमच्या शेजारच्या घरी दिवाळीला अंगणात रांगोळी काढणारी काकूही हेच उत्तर देईल. किनवट-माहूरच्या तांड्यांवर बंजारा स्त्रिया कापडावर आरसे आणि रंगीत दोरे घेऊन जे भरतकाम करतात, ते पाहा. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवताना कोणता तुकडा कोणत्या तुकड्याशेजारी शोभेल, हे आजी कसे ठरवते, ते पाहा. हे सारे रंगांचेच काम आहे. पालघर भागातल्या वारली स्त्रिया लग्नात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढत आल्या. त्याच कलेला पुढे जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

आणि तुमचे स्वतःचे काय? तुम्ही रोज उर्दू लिहिता. ‘नून’ची ती गोल वाटी आणि तिच्यावरचा ठिपका, ‘लाम’चा आकडा, ‘ऐन’चे उघडे तोंड. ही वळणे ज्याच्या हातात आहेत त्याने ‘मला चित्र येत नाही’ म्हणावे, याचे मला नवल वाटते. उर्दूत सुंदर अक्षर काढणाऱ्याला खत्तात म्हणतात. खत्तात अक्षराची उंची पट्टीने मोजत नाही. तो बोरूच्या टोकाने एक ठिपका काढतो आणि अमुक अक्षर अमुक ठिपक्यांएवढे, असे मोजतो. म्हातारा झाला तरी तो रोज सराव करतो. तुम्ही त्याला मश्क म्हणता. संगणक येईपर्यंत उर्दू वर्तमानपत्राचे पानच्या पान कातिब हाताने लिहून काढत असत. इथे एक गोष्ट सांगून टाकतो. कागद, कलम, दौत, शाई हे मराठीतले शब्द फारसी-अरबीतून आले आहेत. लिहिण्याचे जवळजवळ सगळे सामान मराठीने तुमच्याच घरातून नेले आहे.

आता चाचांकडे परत जाऊ.

चाचांचे मूळ गाव किल्लारीजवळचे. किल्लारीचे नाव तुम्ही ऐकले असेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास तिथे मोठा भूकंप झाला. त्या वेळचे लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. लोक झोपेत होते. त्या भागातली घरे माळवदाची. दगड आणि चिखल यांच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचे जड छत. उन्हाळ्यात असे घर गार राहते, पण हादरा बसला की तेच छत अंगावर येते. पुढे पन्नासच्या आसपास गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, वेगळी घरे. जुन्या गावांच्या जागी पडक्या भिंती आणि बाभळी राहिल्या. चाचांचा धाकटा भाऊ त्या पहाटे गेला. चाचा कामासाठी लातूरला होते, म्हणून वाचले. एवढेच त्यांनी मला सांगितले होते.

त्या दुपारी त्यांनी नातवाच्या चित्रकलेच्या वहीत आपले जुने घर काढले. संध्याकाळी संकोचत मला दाखवायला आणले. “सर, हसू नका,” असे आधीच बजावले. मी हसलो नाही. निळ्या म्हशीची आठवण मला होती.

चित्र असे होते. अंगण वरून दिसत होते, जसे पक्ष्याला दिसेल. पण दार मात्र समोरून काढले होते आणि कडुनिंबाचे झाड आडवे झोपल्यासारखे. शेळी बाजूने दिसत होती आणि तिचे चारही पाय स्पष्ट होते. चूल, रांजण, दोरीवरचे कपडे, ओसरीवर वडिलांची जागा, जिन्याखालची कोंबड्यांची खुराडी, सारे काही होते. चाचांनी मला सांगितले नसते, तर त्या घरात जिन्याखाली कोंबड्या असत हे जगात कुणालाच कळले नसते. त्या घराचा एकही फोटो नाही. नकाशा नाही. आता ते घर त्या वहीच्या पानावर तेवढे आहे.

चित्रकलेचा शिक्षक म्हणेल की दृष्टीचे नियम चुकले. पण जुने चित्रकार असेच काढत. अहमदनगरच्या निजामशाहीत सोळाव्या शतकात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ नावाचे फारसी काव्य लिहिले गेले. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपून ठेवली आहे. दख्खनची आणि मोगलांची जुनी चित्रे पाहा. गालिचा वरून पाहिल्यासारखा पसरलेला असतो आणि त्याच्यावर बसलेली माणसे बाजूने दिसतात. एका ठिकाणी उभे राहून जेवढे दिसते तेवढेच काढायचे, असा त्यांचा हट्ट नव्हता. जे माहीत आहे ते दाखवायचे होते. लहान मुलेही तसेच करतात. चाचांनी चित्र जिथे लहानपणी सोडले होते, तिथूनच पुन्हा सुरू केले, एवढाच त्याचा अर्थ.

एक गोष्ट मात्र मला खटकली. भिंती होत्या, दारे होती, पण घराला छतच नव्हते. मी विचारले, “चाचा, छत राहिले का?”

ते म्हणाले, “छत काढलं की आतलं काही दिसत नाही, सर.”

मी पुढे काही विचारले नाही.

महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयातर्फे शालेय मुलांसाठी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन रेखाकला परीक्षा होतात. तुमच्यापैकी काही जण त्यांना बसतही असतील. त्यांत स्मरणचित्र नावाचा एक विषय असतो. समोर काही न ठेवता, आठवून चित्र काढायचे. मुले त्यासाठी बाजार, बसस्थानक असे ठरलेले देखावे पाठ करून जातात आणि स्मरणातले चित्र काढायचे सोडून पाठ केलेले उतरवून येतात. त्यांना दोष देणार नाही. आपल्या भागात अभ्यासाची घाई मोठी आहे. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर माहीत आहे. नांदेडलाही डॉक्टर-इंजिनिअर होण्यासाठी शिकवणीला आलेल्या मुलांनी गल्ल्या भरलेल्या असतात. दहावी जवळ आली की घरातले प्रथम रंगपेटीच उचलून ठेवतात. एक मुलगा मला म्हणाला होता, “सर, चित्र काढायला निवृत्त झाल्यावर वेळ मिळेल.” तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

वेळ नसेल तर दहा मिनिटांत होणारे काही प्रकार सांगतो. एखादे पिंपळाचे पान पालथे ठेवून त्यावर पातळ कागद ठेवा आणि सोललेला मेणखडू आडवा धरून घासा. पानाच्या सगळ्या शिरा आपोआप उमटतील. जुनी नाणी, दाराची नक्षी, चपलेचा तळ, कशावरही हे करता येते. किंवा पांढऱ्या मेणखडूने पांढऱ्याच कागदावर काही लिहा. कोणाला दिसणार नाही. मग त्यावर पाणी घालून पातळ केलेला निळा रंग फिरवा. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे लिहिलेले पांढरे अक्षर निळ्यातून वर येईल. लहान भावंडांना ही जादू म्हणून दाखवता येते. तिसरा प्रकार असा की, आधी कागदभर भडक रंग द्या, त्यावर काळा खडू जाड घासा आणि काडीने ओरखडे काढा. काळ्या रात्रीतून खालचे रंग चमकू लागतील. यात कोणाचेच चित्र ‘चुकत’ नाही.

आणि शक्य असेल तर डबी घेऊन आजी-आजोबांजवळ, दादा-दादींजवळ बसा. त्यांच्या लहानपणचे घर काढायला सांगा. ते आधी नाही म्हणतील. मग खडू उलटासुलटा करून पाहतील. मग विचारतील, “विहीर कुठं काढू?” त्यानंतर तुम्हांला काही बोलावे लागणार नाही, नुसते ऐकावे लागेल. कागदावर तारीख आणि गावाचे नाव लिहायला मात्र विसरू नका.

चाचांनी त्या एका चित्रावर थांबायचे मनावर घेतले नाही. त्यांनी गावातली मशीद काढली, पोळ्याचे बैल काढले, पहिले शिवणयंत्र काढले. आणि प्रत्येक चित्रात तो कडुनिंब काढला. त्यामुळे नातवाच्या डबीतला हिरवा खडू संपला. नातू रडू लागला. तेव्हा चाचा त्याला घेऊन गंजगोलाईत गेले. दुकानदार म्हणाला, “सुटा खडू मिळत नाही, डबी घ्यावी लागेल.” त्यांनी डबी घेतली. महिन्याभराने आणखी एक घेतली. परवा मी गेलो तेव्हा आजोबा आणि नातू शेजारी शेजारी पालथे पडून काहीतरी रंगवत होते. मधे तीन डब्या उघड्या होत्या आणि तिन्हींत हिरवा नव्हता. नातू निळ्या रंगाने झाड रंगवत होता. त्याने मान वर करून मला विचारले, “सर, चालतं ना?”

“चालतं,” मी म्हणालो.